लाकडाचा स्टोव्ह: पेटवण्यापासून धुराडं झाडण्यापर्यंत

घरात लाकडाचा स्टोव्ह असला की माणसं मोठ्या जाळाला घाबरतात. काचेमागे जाळ उसळला की पटकन हवेची झडप ओढून घेतात, आणि लाकूड मंद जळायला लागलं की निर्धास्त होतात. प्रत्यक्षात बहुतेक संकटं या मंद आगीतूनच उभी राहतात. धुराड्यात साचणारं डांबर, घरात शिरणारा विषारी वायू, काळी पडणारी काच, शेजाऱ्यांच्या खिडकीत जाणारा धूर, या सगळ्याच्या मुळाशी हवेवाचून कोंडलेली, धुमसणारी आग असते. उष्णता कमी हवी असेल तर लाकूड कमी घाला, हवा कोंडू नका. हे एवढं पाळलं तरी स्टोव्हची निम्मी काळजी मिटते.

इथे जे सांगितलं आहे ते बंद पेटीच्या स्टोव्हबद्दल आहे: पोलादाची किंवा ओतीव लोखंडाची पेटी, काचेचं दार, हवेच्या झडपा आणि वर धुराडं. उघड्या शेगडीचं गणित निराळं असतं.

लाकूड जळताना आत काय होतं

लाकूड तीन टप्प्यांत जळतं. आधी त्यातलं पाणी निघून जातं. वीस टक्के ओल असलेल्या एक किलो लाकडातही दोनशे ग्रॅम पाणी असतं, आणि त्याची वाफ करण्यात आगीची बरीच उष्णता खर्च होते. लाकूड आणखी तापलं की ते मोडायला लागतं आणि त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता या वायूंत असते. मात्र ते पूर्ण जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी हवा लागते. शेवटी उरतो कोळसा. तो जाळाशिवाय लाल राहून जळतो, धूर फारसा करत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो.

दुसऱ्या टप्प्यातले वायू न जळता वर गेले की आपण त्याला धूर म्हणतो. म्हणजे धूर हे फुकट गेलेलं जळण आहे. वर जाताना धुराड्याच्या थंड भिंतीवर, साधारण १२० अंशांखाली, त्याचा डांबरासारखा थर बसतो. याला क्रिओसोट म्हणतात. तो स्वतः ज्वलनशील असतो, आणि धुराड्याला आग लागते ती यालाच.

आजच्या स्टोव्हची रचना हे वायू आतच जाळण्यासाठी केलेली असते. खालून किंवा पुढून येणारी पहिली हवा लाकूड पेटवते, वरच्या भोकांतून येणारी तापलेली दुसरी हवा वायू जाळते. छताशी बसवलेली आडवी पाटी, म्हणजे बॅफल, धुराला वळसा घालायला लावते, म्हणजे तो गरम भागात जरा जास्त वेळ राहतो. काचेवरून खाली वाहणारा हवेचा पातळ पडदा काच स्वच्छ ठेवतो. पेटी पुरेशी तापली तरच ही सगळी यंत्रणा चालते. म्हणून खोलीच्या मानाने फार मोठा स्टोव्ह घेणं मला चुकीचं वाटतं. खोली उकडते, माणूस हवा बंद करतो, आणि महागाचा स्टोव्ह वर्षभर धुमसत राहतो.

जागा, अंतर आणि धुराडं

स्टोव्ह बसवणं हे जाणकाराचं काम आहे, आणि अनेक ठिकाणी त्यासाठी परवानगी आणि तपासणी लागते. घराच्या विम्याच्या अटीही आधी वाचून घ्याव्यात. तरी कामावर नजर ठेवण्यापुरतं घरमालकाला कळलं पाहिजे, विशेषतः जुना स्टोव्ह असलेलं घर घेताना.

स्टोव्हच्या मागे किंवा आत धातूची एक पट्टी असते. जळू शकणाऱ्या वस्तूंपासून किती अंतर ठेवायचं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. पट्टी सापडली नाही तर चारही बाजूंनी किमान ९० सेंटिमीटर मोकळी जागा धरून चालावं. स्टोव्हला धुराड्याशी जोडणाऱ्या एकेरी पत्र्याच्या नळीपासून ४५ सेंटिमीटर. इथे लोक एका गोष्टीत हमखास फसतात. लाकडी भिंतीवर थेट फरशी चिकटवली की भिंत सुरक्षित झाली असं त्यांना वाटतं. फरशी जळत नाही हे खरं, पण ती उष्णता पलीकडच्या लाकडापर्यंत पोहोचवते, आणि वर्षानुवर्षं धग खाल्लेलं लाकूड नेहमीपेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. पत्र्याचं किंवा सिमेंटच्या पाटीचं कवच भिंतीपासून अडीच सेंटिमीटर पुढे, खाली-वर हवा खेळेल असं बसवलं तर त्याचा उपयोग होतो. स्टोव्हखालची न जळणारी फरशी दारासमोर निदान ४५ सेंटिमीटर पुढे यायला हवी, कारण ठिणगी आणि निखारा तिथेच पडतो.

नळीचे तुकडे जोडताना चुण्या घातलेलं, निमुळतं टोक खाली, स्टोव्हच्या दिशेने असतं. उलटं दिसलं म्हणून बदलू नका. वरून ओघळणारं डांबर नळीच्या आतच राहावं यासाठी ते तसं असतं. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू असावेत. आडवा भाग कमीत कमी असावा आणि तोही मीटरला सुमारे दोन सेंटिमीटर चढता. एकेरी पत्र्याची नळी छतातून किंवा भिंतीतून कधीच नेऊ नये. तिथून पुढे उष्णतारोधक दुहेरी भिंतीचं धुराडं लागतं.

धुराड्याचं तोंड छतातून बाहेर पडतं तिथून किमान ९० सेंटिमीटर वर असावं, आणि तीन मीटरच्या परिघात छताचा किंवा भिंतीचा जो भाग सर्वांत उंच असेल त्याहून ६० सेंटिमीटर वर. त्याहून बुटकं धुराडं वारा फिरला की धूर घरात ढकलतं.

धुराड्याला ओढ असते, म्हणजे ते धूर वर खेचतं, ती आतल्या गरम आणि बाहेरच्या थंड हवेतल्या फरकामुळे. बेंजामिन फ्रँकलिनने १७४२च्या सुमारास केलेला प्रसिद्ध लोखंडी स्टोव्ह इथेच अडला होता. जास्त उष्णता काढून घेण्यासाठी त्यात धूर आधी खाली आणि मग वर न्यायचा होता. थंड झालेला धूर वर चढेना आणि स्टोव्ह खोलीत धूर सोडू लागला. पुढे डेव्हिड रिटनहाऊस या अमेरिकी शास्त्रज्ञाने एल आकाराची नळी जोडली तेव्हा ती कल्पना चालली. घराबाहेरच्या भिंतीला लागून असलेलं, थंडीत गारठणारं धुराडं आजही हाच त्रास देतं, आणि घराच्या मधोमध असलेलं धुराडं नीट ओढतं.

जळण

स्टोव्ह कितीही चांगला असला तरी ओल्या लाकडापुढे त्याचं काही चालत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. जाळण्याजोग्या लाकडात ते २० टक्क्यांच्या खाली हवं. तिथपर्यंत यायला मऊ लाकडाला साधारण सहा महिने ते वर्ष, कठीण आणि जड लाकडाला दीड-दोन वर्षं लागतात. म्हणजे यंदा जाळायचं लाकूड यंदा विकत घेऊन भागत नाही. पुढच्या आणि त्याच्या पुढच्या हंगामाची रास आत्ताच लागलेली असली पाहिजे. विकणाऱ्याने "वाळलेलं आहे" असं सांगितलं तरी मोजून पाहावं.

मोजण्यासाठी दोन सुयांचा ओलावा-मीटर मिळतो. सुया लाकडाच्या बाहेरच्या बाजूला टोचल्या तर आकडा फसवा येतो, कारण बाहेरचा भाग आधी वाळतो. ओंडका मधोमध फोडायचा आणि ताज्या फाळीवर, तंतूंच्या दिशेने सुया रोवायच्या. वेगवेगळ्या तीन-चार तुकड्यांचं माप घ्यायचं. मीटर नसेल तर टोकांना पडलेल्या चिरा, सुटत आलेली साल, हातात जाणवणारा हलकेपणा आणि दोन फाळी एकमेकींवर आपटल्यावर येणारा खणखणीत आवाज या खुणा पाहाव्यात. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. पेटवल्यावर टोकाला पाण्याचे बुडबुडे आले किंवा सूं-सूं आवाज झाला तर ते लाकूड अजून जाळायचं नव्हतं.

वाळवण्याची खरी सुरुवात फोडण्यापासून होते. साल पाणी धरून ठेवते, त्यामुळे अख्खा ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आतून ओलाच असतो. पेटीच्या लांबीपेक्षा पाच-सात सेंटिमीटर आखूड तुकडे करून ते ८ ते १५ सेंटिमीटर जाडीला फोडावेत. रास जमिनीला टेकू न देता ओंडक्यांच्या किंवा फळ्यांच्या बैठकीवर लावावी. आच्छादन फक्त वरून घालावं, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. चहूकडून ताडपत्रीत गुंडाळलेली रास आतल्या आत घामेजते आणि बुरशी धरते. रास घराच्या भिंतीला चिकटवून लावू नये. वाळवी, किडे आणि उंदीर तिथूनच घरात शिरतात. घरात एक-दोन दिवसांपुरतंच जळण आणावं, आणि तेही स्टोव्हच्या त्या ९० सेंटिमीटरच्या बाहेर ठेवावं. स्टोव्हला टेकवून लाकूड "सुकवायला" ठेवल्याने घरं जळाली आहेत.

मऊ लाकडाने धुराड्यात डांबर जास्त साचतं ही समजूत फार पसरलेली आहे. त्यात तथ्य नाही. नीट वाळलेलं पाइनचं लाकूड ओल्या ओकपेक्षा कितीतरी स्वच्छ जळतं. मऊ लाकूड लवकर पेटतं आणि लवकर संपतं, एवढाच फरक. ते पेटवणीला उत्तम. कठीण लाकडाचे निखारे जास्त वेळ टिकतात, म्हणून ते नंतर घालायला बरं.

काही गोष्टी स्टोव्हमध्ये कधीच घालायच्या नाहीत. रंग किंवा वार्निश लावलेलं लाकूड, प्लायवूड, भुशाच्या फळ्या, प्लास्टिक, रंगीत चकचकीत कागद आणि घरचा कचरा. किडीपासून वाचवण्यासाठी रसायन मुरवलेलं लाकूड तर अजिबात नको, कारण जुन्या प्रक्रियेतल्या अशा लाकडात आर्सेनिक, क्रोमियम आणि तांबं असतं, आणि जाळल्यावर ते राखेत आणि धुरात येतं. समुद्रात वाहून आलेल्या लाकडातलं मीठ पत्रा खातं आणि विषारी संयुगं तयार करतं. कण्हेरीच्या फांद्या बागेतून छाटलेल्या असल्या तरी त्या बाजूला काढा, त्यांचा धूर विषारी असतो. लाकडासाठी बनवलेल्या स्टोव्हमध्ये दगडी कोळसाही घालू नये.

पेटवणं

पेटवणीच्या पहिल्या अर्ध्या तासात सर्वांत जास्त धूर होतो. सगळीकडे शिकवतात ती पद्धत अशी: खाली कागद, वर काटक्या, त्यावर लाकूड. यात पेटलेल्या काटक्यांवर गार लाकूड कोसळतं आणि धूर कोंडतो. वरून पेटवायची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. जाळ वर असल्यामुळे खालच्या लाकडातून निघणारे वायू त्या जाळातून जातात आणि जळतात, शिवाय धुराडं लवकर तापतं.

१. सगळ्या झडपा पूर्ण उघडा, धुराड्यातली झडप असेल तर तीही. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर राख राहू द्या.

२. तळाला मध्यम जाडीच्या दोन-तीन फाळी, मध्ये बोटभर फट सोडून ठेवा. साल वरच्या बाजूला नको.

३. त्यांवर बोटाएवढ्या काटक्यांचे दोन-तीन आडवे-उभे थर रचा. अगदी वर पातळ ढलप्या आणि एखादी नैसर्गिक पेटवणी ठेवा.

४. धुराड्याची ओढ तपासा. दार थोडं उघडून काडी ओढा आणि धूर कुठे जातो ते पाहा. खोलीकडे आला तर धुराड्यात गार हवा बसली आहे. कागदाची घट्ट गुंडाळी पेटवून बॅफलजवळ धरा, एक खिडकी किंचित उघडा, स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बंद करा.

५. वरून पेटवा. काटक्यांनी नीट पेट घेईपर्यंत दार अगदी किंचित उघडं ठेवता येतं, पण तेवढा वेळ तिथून हलायचं नाही.

६. दार लावा आणि मोठ्या फाळींच्या कडा पेटून काळ्या होईपर्यंत हवा पूर्ण उघडी ठेवा. मगच ती टप्प्याटप्प्याने कमी करा.

पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट यांना या कामात जागा नाही. त्यांची वाफ बंद पेटीत साचते आणि काडी ओढताच स्फोट होतो. राखेखाली जिवंत निखारे असले तर काडीचीही गरज पडत नाही.

जाळ कसा ठेवावा

चांगली आग ओळखायला काच पुरेशी आहे. जाळ पिवळसर, चपळ असावा, लाकडापासून थोडा वर नाचताना दिसावा. लालसर, आळशी जाळ आणि काचेवर तपकिरी डाग म्हणजे हवा कमी पडते आहे. बाहेर जाऊन धुराड्याच्या टोकाकडेही पाहावं. पेटवणी संपल्यानंतर तिथे जवळपास काहीच दिसू नये. पांढरी वाफ थोड्या अंतरावर विरून जाते, निळसर-करडा धूर लांबवर रेंगाळतो. हा धूर म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण, आणि तो तुमच्याबरोबर शेजाऱ्यांच्याही घरात जातो. दम्याचा रुग्ण, लहान बाळ किंवा हृदयरोगी घरात असेल तर स्टोव्ह किती वापरायचा याचा आधी विचार करावा.

एकेरी नळीवर, स्टोव्हपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीवर चुंबकाने बसणारा थर्मामीटर लावावा. स्वस्त साधन आहे, आणि अंदाजावर चालणं संपतं. पत्र्याचं तापमान साधारण १२० ते २४० अंशांच्या दरम्यान असावं. त्याखाली डांबर साचतं, त्यावर फार वेळ राहिलं तर पत्रा आणि सांधे झिजतात. दुहेरी नळीवर हा थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवतो, तिथे आत सुई जाणारा लागतो. नळी किंवा पेटी लाल दिसू लागली तर हवा बंद करा, दार बंदच ठेवा आणि पाणी मारू नका. तापलेल्या ओतीव लोखंडावर पाणी पडलं की ते तडकतं.

लाकूड घालायची वेळ निखारे लाल असतानाच. आधी हवा पूर्ण उघडायची, अर्धा मिनिट थांबायचं, दार बोटभर उघडून ओढ बसू द्यायची आणि मग सावकाश पूर्ण उघडायचं. धाडकन दार उघडलं की धूर आणि कधीकधी जाळ तोंडावर येतो. निखारे पुढे ओढून दोन-तीन फाळी ठेवायच्या, एकुलती एक नको, कारण एकटं लाकूड जळत नाही, विझत जातं. पेटी गच्च भरायचीही नाही. नवीन लाकूड पेटून काळं होईपर्यंत, साधारण पाच ते पंधरा मिनिटं, हवा उघडी राहू द्या.

आता सर्वांत वाईट सवयीबद्दल. रात्री झोपताना पेटी गच्च भरून हवा बंद करायची, म्हणजे सकाळपर्यंत ऊब राहील. त्या आठ तासांत आग धुमसते, धुराडं गार पडतं आणि नीट जळणाऱ्या आगीपेक्षा कितीतरी जास्त डांबर बसतं. शिवाय ओढ कमी झाल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड घरात उलटायची भीती असते ती वेगळीच. झोपायच्या तासभर आधी शेवटचं लाकूड घालावं आणि ते उघड्या हवेत जळू द्यावं. सकाळी घर गार असेल. ते चालेल.

कार्बन मोनॉक्साइड

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं ही लक्षणं फ्लूसारखी असतात, पण ताप येत नाही. घरातल्या सगळ्यांना आणि पाळीव प्राण्यांनाही एकाच वेळी बरं वाटेनासं झालं, आणि बाहेर गेल्यावर आराम पडला, तर दुसरं कारण शोधत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, आपत्कालीन मदत बोलवा आणि तपासणी झाल्याशिवाय आत जाऊ नका.

स्टोव्हच्या खोलीत, त्याच्यापासून एक ते तीन मीटरवर, आणि झोपायच्या खोल्यांजवळ एकेक अलार्म लावावा. महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून पाहावं. आतला संवेदक काही वर्षांनी निकामी होतो, म्हणून त्यावर छापलेली बदलायची तारीख पाळावी. धुराचा अलार्म वेगळा, तोही हवाच. निखारे जिवंत असेपर्यंत धुराड्यातली झडप पूर्ण बंद करायची नाही, जाळ दिसत नसला तरी. फार घट्ट बांधलेल्या घरात स्टोव्हला बाहेरून स्वतंत्र हवा आणणारी नळी द्यावी लागते.

राख

राखेखालचा निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो, आणि ज्यांना हे खरं वाटत नाही ते कागदी पिशवीत राख भरून अंगणात ठेवतात. राख नेहमी घट्ट झाकणाच्या धातूच्या बादलीत काढावी आणि बादली घराबाहेर, दगडावर किंवा मातीवर, घरापासून आणि लाकडाच्या राशीपासून तीन मीटर लांब ठेवावी. लाकडी व्हरांड्यात ठेवू नये. किमान चार दिवस तशीच राहू द्यावी. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम राखेसाठी वापरू नये. आत गेलेला एक निखारा पुरतो, आणि बारीक राख त्याच्या फिल्टरमधून पुन्हा खोलीत येते.

सगळी राख काढायची गरज नसते. दोन-तीन सेंटिमीटरचा थर तळाला जपतो आणि निखारे टिकवतो. स्वच्छ लाकडाच्या राखेत पोटॅश आणि चुना असतो, त्यामुळे ती आम्लयुक्त जमिनीत थोडी-थोडी टाकता येते. आंबट माती लागणाऱ्या झाडांना ती नको, आणि युरियासारख्या नत्रखतात मिसळायची नाही, कारण नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

धुराडं झाडणं

वर्षातून एकदा, हंगाम सुरू व्हायच्या आधी, जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. रोज वापर असेल तर मध्येही पाहावं. आत तीन मिलिमीटर थर दिसला की झाडायची वेळ झाली. मऊ काजळी आणि भुसभुशीत पापुद्रे ब्रशने निघतात. त्यानंतरची अवस्था म्हणजे चकचकीत, काचेसारखा कडक थर. तो ब्रशला दाद देत नाही, त्याला खास साधनं आणि अनुभव लागतो. बाजारातल्या पुड्या आणि "धुराडं साफ करणारे" ओंडके थर थोडा ठिसूळ करतात. त्यांना झाडण्याचा पर्याय समजू नये.

स्वतः करणार असाल तर ब्रश धुराड्याच्या नेमक्या मापाचा घ्या. विटांच्या धुराड्याला तारेचा, स्टीलच्या अस्तराला सहसा प्लास्टिकच्या केसांचा. स्टोव्ह पूर्ण गार असावा, दार बंद आणि फटींवर टेप. डोळ्यांवर चश्मा आणि तोंडावर नीट बसणारा मास्क लावा. झाडून झाल्यावर बॅफल काढून त्याच्या वर साचलेली काजळी काढायला विसरू नका. धुराडं झाडूनही स्टोव्ह ओढत नाही अशी तक्रार करणाऱ्यांची काजळी बहुधा तिथेच सापडते. छतावरच्या टोपीची जाळीही पाहा, ती आधी तुंबते. उतरत्या छतावर चढायची सवय नसेल तर हे काम पैसे देऊन करून घ्यावं.

दार, काच, विटा

दाराभोवतीची काचतंतूंची दोरी दबून कडक होते आणि मग नको तिथून हवा शिरते. तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे दोरी गेली आहे. असं चारी बाजूंना करा. नवी दोरी त्याच जाडीची घ्या, जुना गोंद खरवडून काढा, उच्च तापमानाचा गोंद लावा आणि बसवताना ती ओढून ताणू नका, नाहीतर पातळ होते.

काच गार असतानाच पुसावी. ओल्या कागदाला बारीक राख लावून चोळलं की काळे डाग निघतात. काच वारंवार काळी होत असेल तर ती तुम्हाला लाकडाबद्दल किंवा हवेबद्दल काहीतरी सांगते आहे. ही काच सिरॅमिकची असते. तिला उष्णता सोसते, धक्का सोसत नाही, म्हणून लाकूड दाराने ढकलू नये. तडा गेला तर नवी बसेपर्यंत स्टोव्ह बंद, आणि साधी काच चालत नाही.

आतल्या विटांना बारीक चीर असली तर फिकीर नको. तुकडा पडून मागचा पत्रा दिसू लागला की वीट बदला. बॅफल वाकलं असेल, सांध्यांतून उजेड दिसत असेल किंवा पेटीला तडा असेल तर दुरुस्तीआधी पेटवू नका. नव्या स्टोव्हच्या पहिल्या काही आगी छोट्या ठेवा आणि खिडक्या उघड्या. रंग भाजताना उग्र वास येतो.

धुराड्याने पेट घेतला तर

रेल्वे जवळून गेल्यासारखी घरघर, नळीची थरथर, टोकातून ठिणग्या किंवा ज्वाळा, भिंत हाताला तापलेली. कधीकधी आवाज न करताही आग लागते आणि पुढच्या तपासणीत तडकलेलं अस्तर सापडतं. आतलं तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकतं. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा. वाटेत सहज जमत असेल तर हवेच्या सगळ्या झडपा बंद करा. दार उघडू नका, धुराड्यात पाणी ओतू नका. आग विझली तरी छतातल्या आणि भिंतीतल्या लाकडात ती दडून असू शकते, म्हणून दलाच्या लोकांनी पाहिल्याशिवाय आत जाऊ नये. त्यानंतर आतून कॅमेऱ्याने तपासणी होईपर्यंत स्टोव्ह पेटवायचा नाही.

घरात लहान मूल असेल तर स्टोव्हभोवती भिंतीला पक्कं केलेलं जाळीचं कुंपण हवं. काचेचं तापमान सहज शेकडो अंशांत जातं आणि तळहात भाजायला एक स्पर्श पुरतो. जवळ लांब कातडी हातमोजे आणि पावडरचा अग्निशामक ठेवा. अग्निशामक स्टोव्हच्या मागे टांगू नका, दाराकडे जाणाऱ्या वाटेवर ठेवा. स्टोव्हवर किंवा वरच्या दोरीवर कपडे वाळत घालू नका.

हंगाम संपल्यावर

शेवटच्या आगीनंतर राख पूर्ण काढा. राख हवेतला ओलावा ओढते आणि तो खारट ओलावा पत्रा गंजवतो. काजळी झाडून घ्या, बिजागऱ्यांना उच्च तापमानाचं ग्रीस लावा, गंजाचे ठिपके तारेच्या ब्रशने घासून स्टोव्हचा रंग मारा. दार किंचित उघडं आणि झडप उघडी ठेवली तर आत हवा खेळते. पुन्हा पेटवण्याआधी विजेरीने धुराड्यात पाहा, पक्ष्यांची घरटी आणि कोळ्यांची जाळी तिथे बसतात. अलार्मचं बटण दाबा, कागदाच्या पट्टीने दार तपासा, आणि पहिली आग काटक्यांची, छोटी ठेवा.